गिटार घरी बनते, पण शिकवतं कोण?

"पीएचडी कशावर?" असं खडकी बाजारात कुणी विचारलं की मी "हत्यारं आणि वाद्यं" एवढंच सांगते. समोरचा गप्प होतो. आज जरा नीट सांगते.

माझा प्रश्न साधा आहे. वाद्य विकत मिळत नाही किंवा परवडत नाही, म्हणून माणूस ते घरी बनवतो. ते ज्ञान त्याच्याकडे येतं कुठून?

सुरुवात पाचगणीपासून करू. 1958 मध्ये तिथल्या सेंट पीटर्स शाळेत पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पियानोवर होता फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी. बास वाजवायचा फरंग इराणी. पुढे हे गृहस्थ पुण्यात सिझलरचं रेस्टॉरंट चालवायचे. आणि त्यांचा बास म्हणजे काय, तर चहाचं लाकडी खोकं, एक काठी आणि ताणलेली दोरी. काठी मागे ओढली की ताण वाढतो, सूर चढतो. बस्स.

गंमत बघा. पुढे क्वीन बँडमध्ये याच फ्रेडीच्या शेजारी उभा राहिलेला ब्रायन मे, त्याचीही गिटार घरचीच. फेंडर परवडेना, म्हणून 1963 मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या फायरप्लेसचं महोगनी, त्यातली किडीची भोकं काड्यांनी बुजवलेली. खुणांसाठी आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. हा किस्सा बहुतेक वेळा 'जीनियस पोरगा' म्हणून सांगतात. पण वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले माणूस होते, हे विसरू नका. 1940 च्या सुमारास लेस पॉलने चौकोनी पाइनच्या ठोकळ्यापासून 'लॉग' बनवली, तीही एपिफोनच्या कारखान्यात, रविवारी. आपल्याकडे लखनौहून मुंबईला आलेले व्हॅन शिपली स्वतः आखलेली आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. घरगुती वाद्याच्या मागे उभं असलेलं वर्कशॉप गोष्टीतून बहुतेक वेळा गळतं.

ते वर्कशॉप लख्ख दिसतं ते मिरजेत. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची लढाई संपली, हत्यारांचं काम आटलं. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरच्यांनी तोच हात तंबोरा-सतारीकडे वळवला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. धंदा बदलला, हात तोच राहिला.

आता खडकी. 1817 ची लढाई सगळ्यांना पाठ असते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 1869, दारूगोळा कारखान्याचं साल. तेव्हापासून इथे पिढ्यान् पिढ्या फिटर, टर्नर, सुतार राहिले. त्या हातांचं मोल मला पुस्तकातून नाही, माझ्याच फजितीतून कळलं.

मी सध्या गिटार बनवतेय. जुन्या बाजारातून आणलेल्या सागवानी दाराची बॉडी, 648 मिलिमीटर स्केल. फ्रेटचं गणित सोपं आहे: उरलेल्या लांबीला 17.817 ने भागायचं. पहिला फ्रेट 36.4 मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्ये, 324 वर. मी प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून मोजत गेले. बारावा फ्रेट तीन मिलिमीटर सरकला! लाकूड वाया.

शेजारचे काका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी आयुष्यात गिटार हातात धरलेली नाही. फिंगरबोर्ड बघितला आणि म्हणाले, "पट्टी उचललीस ना दर वेळी? एक कड धर, सगळी मापं तिथूनच घे. नाहीतर चूक साठत जाते." मग घरात जाऊन स्वतःची स्टीलची पट्टी घेऊन आले.

दुसऱ्या वेळी बारावा फ्रेट बरोबर 324 वर बसला.

काकांचं हे वाक्य कुठल्या दस्तऐवजात सापडणार? कारखान्याच्या कागदांत किती माल निघाला ते असतं, पट्टी कशी धरायची ते नसतं. गिटारच्या इतिहासात वाजवणाऱ्याचं नाव राहतं, कंपनीचं राहतं. मोजायला शिकवणाऱ्याचं नाव राहत नाही. माणूस गेला की ते वाक्यही जातं. म्हणून मी कागदांइतकाच वेळ काकांच्या ओट्यावर घालवते. गाईडनी विचारलं, "हे फील्डवर्क की गप्पा?" मी म्हटलं, मॅडम, दोन्ही.

तेव्हा एक विनंती. तुमच्या माळ्यावर घरी बनवलेलं एखादं वाद्य असेल, अर्धवट का असेना, तर भंगारात देऊ नका. आणि बनवणारं माणूस अजून असेल, तर आधी त्यांच्याशी बोला. लाकूड थांबेल.