सासवण्याची माती आणि पुण्याचा अश्वारूढ पुतळा

मराठीत ‘मूर्ती’ आणि ‘पुतळा’ या शब्दांची क्षेत्रे भिन्न आहेत. मूर्तीची पूजा होते. पुतळा स्मरणासाठी उभारला जातो. विनायक पांडुरंग करमरकर यांचा पूर्वेतिहास हा एका क्षेत्रातून दुसऱ्यात झालेला प्रवास होय.

करमरकरांचा जन्म १८९१ साली अलिबागनजीकच्या सासवणे गावी झाला. घरी गणपतीच्या मूर्ती घडविल्या जात. मातीचे पहिले शिक्षण त्यांना तेथेच मिळाले. गावच्या देवळातील भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले आणि त्यांच्या साह्याने करमरकरांचा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश झाला. पुढे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते १९१६ च्या सुमारास कलकत्त्यास गेले व तेथे त्यांनी व्यवसाय आरंभिला. १९२० साली ते अधिक अध्ययनासाठी लंडनला गेले.

पुण्याच्या स्मारकाची हकीकत याच काळात सुरू होते. कोल्हापूरचे शाहू महाराज आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने १९१७ साली अखिल भारतीय श्री शिवाजी स्मारक संस्था स्थापन झाली. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. त्याच दौऱ्यावर राष्ट्रीय पक्षाने बहिष्कार पुकारला होता, हे विसरून चालणार नाही. १९२२ साली शाहू महाराज व १९२५ साली माधवराव शिंदे निवर्तले. कार्य राजाराम महाराजांनी पुढे नेले.

पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले. उंची सुमारे साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन. एवढी आकृती सामान्यतः तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडतात. येथे ती माझगाव गोदीत एकसंध ओतली गेली. अशा ओतकामात वितळलेला धातू निवण्यापूर्वी साच्याच्या अखेरच्या कोपऱ्यापर्यंत पोचावा लागतो. अन्यथा सारा श्रम व्यर्थ. तयार पुतळा आगगाडीने घाट चढून पुण्यास आणण्यात आला आणि १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे अनावरण केले. शिल्पकाराचे वय तेव्हा छत्तीस वर्षांचे होते.

या घटनेचे मोल तुलनेने कळते. १८७९ साली मुंबईत उभा राहिलेला ‘काळा घोडा’ बोएम या परदेशी शिल्पकाराने घडविला होता. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत तसेच अवघड काम एका कोकणी मूर्तिकाराच्या मुलाने घडविले आणि ते मुंबईतच ओतले गेले. कोनशिला व अनावरण राज्यकर्त्यांच्या हातून झाले, द्रव्य संस्थानिकांचे होते. घडविणारा हात मात्र या भूमीचा होता.

१९३२ साली याच परिसरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले. पुष्कळ ठिकाणी आधी शाळा असते व मग तिच्या आवारात पुतळा येतो. येथे क्रम उलटा आहे. त्यामुळे स्मारक केवळ पाहण्याची वस्तू न राहता विद्यार्थ्यांच्या नित्य वावराचा भाग बनले. करमरकर १९६७ साली दिवंगत झाले. सासवण्यास त्यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. उत्सवासाठी घडलेली गणेशमूर्ती विसर्जनाने पुन्हा मातीला मिळते; त्याच मातीवर शिकलेल्या हाताने घडविलेला पुतळा मात्र धातूत टिकून राहिला आहे.