कंसांची भाषा आणि घरचा संगणक

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या संगणकभाषेची जुळणी आरंभली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण या विद्यापीठाच्या परिसरात मराठी शिकलेल्या आम्हांला घरच्या संगणकावर लिस्प हवीशी वाटली, त्याचे कारण मात्र भाषेचेच होते.

लिस्पचे व्याकरण एका ओळीत सांगता येते : कंस उघडावा, प्रथम क्रिया लिहावी, मग तिची पदे, आणि कंस मिटावा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते, येथे ते आरंभी येते. कंसात कंस बसू शकतो, त्यामुळे सामासिक शब्दाचा विग्रह जसा आतून बाहेर उलगडावा तशी ही वाक्ये वाचावी लागतात. शिवाय आज्ञावली आणि तिने हाताळायची सामग्री या दोहोंचे रूप एकच, म्हणजे यादी. वाक्यांची उकल करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ही भाषा परकी वाटत नाही.

मात्र ती घरी आणायची कशी? येथे 'फुकट' आणि 'मुक्त' हा भेद आडवा येतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे. मराठीने ते सुदैवाने वेगळे ठेवले आहेत. हा भेद जगाला शिकवणारी चळवळही लिस्पच्याच अंगणात जन्मली. १९८०च्या सुमारास एमआयटीतील लिस्प यंत्रे व्यापारी कंपन्यांच्या हाती गेली आणि एकमेकांना खुलेपणाने आज्ञावली देणाऱ्यांचा समुदाय विस्कटला. तो विस्कटलेला पाहून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ साली त्यांचा ईमॅक्स हा संपादक प्रसिद्ध झाला. त्याच्या पोटात लिस्प होती.

याहून उद्बोधक कथा सीलिस्पची. ब्रूनो हाइबले आणि मिखाएल श्टोल या दोघा जर्मनांनी १९८७ साली अटारी एसटी या घरगुती संगणकासाठी ती रचली. ती फुकट मिळे, पण ग्नूच्या परवान्याखाली नव्हती. पुढे तिला रीडलाइन हा ग्नूचा घटक जोडला गेला. टंकताना ओळ दुरुस्त करता यावी, एवढीच त्याची सोय. १९९२ साली स्टॉलमन यांनी आक्षेप घेतला : आमचा घटक वापराल तर संपूर्ण कृती आमच्याच परवान्याने द्यावी लागेल. पत्रापत्री झाली, हाइबले यांनी प्रतिवाद केला आणि अखेर परवाना स्वीकारला. हा पत्रव्यवहार सीलिस्पसोबतच वाटला जातो. हा दुराग्रह होता काय? आम्हांला प्रथम तसेच वाटले. परंतु त्या आग्रहामुळेच सीलिस्पचा मूळ मजकूर कायमचा उघडा राहिला, हेही नाकारता येत नाही.

आज घरासाठी निवड करायची तर सीलिस्प लहान आणि काटकसरी आहे, पण २०१०च्या आवृत्तीनंतर तिचे काम मंदावले. एसबीसीएल १९९९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सीएमयूसीएलमधून फुटून निघाली. कार्नेगींचे पोलाद आणि मेलन यांची पेढी यांवरून तिला 'स्टील बँक' हे नाव मिळाले. ती वेगवान आहे आणि तिचे काम अखंड चालू आहे. गंभीर अभ्यासकाने तीच घ्यावी.

आम्ही मात्र ईमॅक्सपासून आरंभ केला. रॉबर्ट चॅसल यांनी त्याच्या लिस्पची ओळख करून देणारे पुस्तक आज्ञावलीकार नसलेल्यांसाठीच लिहिले आहे, हे एक कारण. दुसरे अधिक जवळचे आहे. युनिकोडपूर्व काळात खास फॉन्टांत टंकलेले आमचे लेख आज उघडले तर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. फॉन्ट गेला, तसा मजकूरही गेला. कोणते चिन्ह कोणत्या अक्षराचे, याची यादी लिस्पला दिली की तो मजकूर ओळीओळीने परत मिळवता येतो. ऱ्हस्व वेलांटी मात्र त्रास देते : त्या फॉन्टांत ती अक्षराआधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते.

२०१४ साली युनिकोडने मोडी लिपीला स्थान दिले आणि २०२३च्या ईमॅक्स २९मध्ये मोडी टंकण्याची सोय आली. मोडीसाठी बाजार कुठे आहे? बाजार नसतानाही ती सोय झाली, कारण दार उघडे होते. फुकट आणि मुक्त यांतला भेद आम्हांला तेथे पटला.