तुमचं टर्मिनल कोणतं? एका नावाचा इतिहास

आजचा भाग एका छोट्याशा एररवर आहे. समजा ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) एखाद्या लॅबमधून तुम्ही मुंबईतल्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन केलंत, एडिटर उघडलात आणि उत्तर आलं: 'अननोन टर्मिनल टाईप'. पासवर्ड बरोबर, नेटवर्क बरोबर. मग अडलं कुठे? तर नावात.

जरा मागे जाऊ. १९७०च्या दशकात टर्मिनल म्हणजे खरोखरचं यंत्र होतं: पडदा, कीबोर्ड आणि कॉम्प्युटरकडे जाणारी वायर. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे. एडीएम-३एचा पडदा पुसायला कंट्रोल-झेड लागायचं. डेक कंपनीच्या व्हीटी५२ला एस्केप आणि अक्षर पुरायचं, पण त्याच कंपनीच्या १९७८च्या व्हीटी१००ला मध्ये चौकोनी कंसही हवा. चुकीचा संकेत गेला की पडद्यावर नुसता कचरा.

यावर बर्कलीत बिल जॉय यांनी उपाय काढला, टर्मकॅप. सगळ्या टर्मिनलांची वर्णनं एका फाईलमध्ये. प्रोग्रामने फक्त 'टर्म' या व्हेरिएबलमधलं नाव वाचायचं आणि यादीत शोधायचं. पुढे याच कल्पनेतून टर्मइन्फो आलं.

पण मशीन लांब असेल तर हे नाव पोचवायचं कसं? १९८३ साली इस्लामपूरजवळ राजारामनगरला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, बरं का, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात टेलनेटसाठी 'टर्मिनल टाईप' हा पर्याय लिहिला गेला. लांबचं मशीन विचारणार, 'तुमचं टर्मिनल कोणतं?' आणि इकडून नाव जाणार. आज एसएसएच हेच करतं. गोम अशी की नाव जातं, वर्णन जात नाही. ते समोरच्या यादीत असावं लागतं.

मराठीचा प्रश्न याहून अवघड होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम १९८८ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. जिस्टमधला 'टी' मुळात टर्मिनलचाच! अक्षरं जोडण्याचं काम टर्मिनलने करायचं, मागच्या प्रोग्रामला मराठी यायची गरज नाही. त्यासाठी इस्की ही आठ बिटांची सांकेतिक पद्धत होती. पण वाटेत कुणी आठवा बिट कापला तर? 'क'चा तीन व्हायचा, 'म'चा एल, 'ल'चा क्यू. म्हणजे 'कमल' लिहा आणि पलीकडे तीन-एल-क्यू वाचा! टर्मिनल मराठी, पण वाट इंग्रजीची.

आता युनिकोड आहे, बिट कापले जात नाहीत. तरी जोडाक्षराला किती घरं द्यायची यावर टर्मिनल आणि प्रोग्राम यांचं एकमत नसतं, म्हणून मराठी ओळीत कर्सर भलतीकडेच दिसतो. नाव जुळलं तरी समज जुळत नाही, ती ही अशी.

तर 'अननोन टर्मिनल टाईप' दिसलं की बरेच जण 'टर्म'मध्ये एखादं जुनं, सगळीकडे सापडणारं नाव टाकून मोकळे होतात. बहुतेकदा चालतं, कारण आजची बहुतेक टर्मिनलं व्हीटी१००चीच नक्कल करतात. पण नीट करायचं असेल तर 'इन्फोकम्प'ने आपल्या टर्मिनलचं वर्णन काढा आणि सर्व्हरवर 'टिक'ने बसवा. दोन मिनिटांचं काम आहे. मग समोरचं मशीन तुम्हाला नावानेच नाही, गुणांनीही ओळखेल.

भेटू पुढच्या भागात!