बंद पडलेलं हृदय आणि लाल बंब

आग लागली की १०१, माणूस कोसळला की १०८. हे दोन वेगळे आकडे आपल्या इतके अंगवळणी पडलेत, की अमेरिकेतल्या एखाद्या मालिकेत आजोबा कोसळतात आणि दारात अग्निशमन दलाचा लाल बंब येऊन थांबतो, तेव्हा आपण चक्रावतो. आग आहे कुठे? हा बंब तिथे कसा पोहोचला, ते आज आपण सिएटल शहराच्या इतिहासातून पाहू.

६ जून १८८९ रोजी एका सुतारकामाच्या दुकानात तापत ठेवलेला सरस पेटला आणि सिएटलची जवळजवळ सगळी बाजारपेठ जळाली. नळांना पुरेसा दाब नव्हता, विझवणारे हौशी स्वयंसेवक होते. त्याच वर्षी शहराने पगारी दल उभं केलं. पुढे केंद्रं वाढत गेली. हिशेब एकच, बंब काही मिनिटांत पोहोचला पाहिजे. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता हृदयाकडे येऊ. हृदय अचानक बंद पडलं आणि कुणी काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. विजेच्या झटक्याने ते पुन्हा चालू करणारं यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, रुग्णालयात होतं. माणसं मात्र घरात आणि रस्त्यात मरत होती. १९६६ मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज या डॉक्टरांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं असं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं आणि सोबत डॉक्टर पाठवला. त्यांचा लेख सिएटलमध्ये डॉ. लेनर्ड कॉब यांनी वाचला.

कॉब यांच्यापुढे अडचण साधी होती. डॉक्टर रुग्णालयात असतात, गल्लोगल्ली नसतात. गल्लोगल्ली असतो तो बंब! दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांच्याकडे प्रथमोपचाराच्या गाड्या आधीपासून होत्या. शिवाय (हा तपशील आम्हाला फार आवडतो) प्रत्येक बोलावण्याची नोंद ते संगणकावर ठेवत होते. संशोधक डॉक्टरला आणखी काय हवं?

मग हार्बरव्ह्यू रुग्णालयात जवानांचं शिक्षण सुरू झालं. ईसीजी वाचायचा, शिरेतून औषध द्यायचं, श्वासनलिकेत नळी घालायची. ही कामं तोवर डॉक्टरांचीच समजली जात. पाण्याचा पाइप धरणारा हात हे करणार? मार्च १९७० मध्ये ‘मेडिक वन’ रस्त्यावर आली. गाडी इतकी अवजड, की तिला ‘मोबी पिग’ असं नाव पडलं. सुरुवातीला डॉक्टर सोबत जात; नंतर ते उतरले आणि जवान एकटे निघाले. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. तिथे वाट वेगळी निघाली. मायामी आणि लॉस एंजेलिसमध्येही त्याच सुमारास असे प्रयोग चालले होते, पण ती कथा वेगळी.

मोठी गाडी एक, शहर एवढं पसरलेलं. म्हणून जवळच्या केंद्रातून बंब आधी धावायचा, जवान छाती दाबायला घ्यायचे, मग ‘मेडिक वन’ यायची. तरी पहिली तीन-चार मिनिटं उरतच. आणि खरं मरण त्याच मिनिटांत होतं. तेव्हा व्हिकरींनी विचारलं, जवान शिकतात, तर शेजारी का नाही शिकणार? त्यातून ‘मेडिक टू’ निघालं, म्हणजे सामान्य नागरिकांना सीपीआर शिकवण्याचा उपक्रम. पुढे शिकलेल्यांची संख्या लाखावर गेली. आमच्या मते सिएटलची खरी नवलाई ही आहे, गाडी नव्हे. केंद्र सरकारचं अनुदान संपलं, तेव्हाही लोकांनी वर्गणी काढून ‘मेडिक वन’ चालू ठेवली.

यश सांगताना मात्र जपून बोलू. कुणाच्या डोळ्यांदेखत कोसळलेले आणि विजेच्या झटक्याला प्रतिसाद देऊ शकणारे, अशा रुग्णांपैकी सिएटल आणि भोवतालच्या किंग काउंटीत अलीकडे काही वर्षी निम्म्याहून अधिक वाचले. सगळ्यांपैकी नव्हे. पण हे सांगता येतं, कारण तिथे वाचलेल्यांइतकेच गेलेलेही नोंदले गेले.

राहिला तो न शिकलेला शेजारी. १९८० च्या दशकात किंग काउंटीत त्याचाही विचार झाला. मदतीचा फोन उचलणारी व्यक्तीच त्याला सांगू लागली : फोन ठेवू नका, छातीच्या मध्यावर हात ठेवा, मी सांगते तसं दाबा.