पूल ऑफिसर

यवतमाळच्या एसटी स्टँडवर 'रोजगार समाचार' चाळताना 'पूल ऑफिसर' हा शब्द पहिल्यांदा वाचला आणि मला वाटलं, बांधकाम खात्यातली नोकरी असेल! पण हा पूल इंग्रजी, म्हणजे एकत्र ठेवलेला साठा.

गोष्ट १९५८ सालची. परदेशात शिकलेले शास्त्रज्ञ परत यायला हवे होते, पण इथे जागा निघेपर्यंत त्यांनी खायचं काय? म्हणून सीएसआयआरने 'सायंटिस्ट्स पूल' काढला. पगार पूलचा, काम एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात, मुदत मात्र ठरलेली. पुण्याच्या एनसीएलचं उद्घाटन नेहरूंनी ३ जानेवारी १९५० ला केलं, तेव्हा तिचे पहिले संचालकच परदेशी होते, मॅकबेन. त्यांच्यानंतरचे फिंचही तसेच. १९५७ मध्ये वेंकटरामन आले, तेव्हा कुठे त्या खुर्चीत भारतीय बसला. माणसं परत आणायची निकड कळते ती इथे.

पण तात्पुरती सोय किती दिवस तात्पुरती राहणार? आमच्या ओळखीचे दारव्ह्याचे एक काका पीएचडी करून अमेरिकेहून परतले आणि पूलवर लागले. सुट्टीत शकुंतलेने घरी आले की फलाटावरच कोणीतरी विचारायचं, "पक्की झाली का गा नोकरी?"

काका ट्रंक उचलत म्हणायचे, "नाही ना. अजून पुलावरच आहो."