रसवाहिनीला ७२ तास बाकी

सोमवार, सकाळी ७. ७२ तास बाकी.
टोमॅटोच्या प्लॉटमध्ये बगलफूट काढायचं काम सुरू आहे. बांधावर तंबाखू मळून आलेला हात एका कोवळ्या पानावरून फिरतो, पानाची लव मोडते. टोबॅको मोझॅकचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही तग धरतो आणि आत शिरायला त्याला एवढी जखम पुरते. साबणानं हात धुतलेले असते, तर बहुधा पुढचं काहीच घडलं नसतं. हात आता शेजारच्या रोपावर गेला आहे.

७ वाजून काही मिनिटं.
विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांबीची काठी. मधे सुमारे ६,४०० अक्षरांचा आरएनए, भोवती एकाच प्रथिनाचे २,१३० घटक. काठीचं एक टोक उघडतं आणि झाडाचेच रायबोसोम तो आरएनए वाचू लागतात. वाचता वाचता उरलेलं कवचही तेच सोलून काढतात.

मंगळवार, पहाटे ३. ५२ तास बाकी.
पेशीत नकला तयार आहेत. पेशीभित्तिकेतली छिद्रं अरुंद. पण विषाणूनं बनवून घेतलेलं एक प्रथिन ती सैल करतं. पहिली पेशी ओलांडायला वीसेक तास लागले. पुढच्या प्रत्येकीला तीन-चार तासच लागतील, कारण आता नकला काढणारी यंत्रणाच जशीच्या तशी पुढे सरकते.

बुधवार. शेवटचा दिवस.
शीर आली. तिला वेढणाऱ्या पेशी, मग साथी पेशी, मग रसवाहिनीतली चाळणनलिका. इथं कवच कामी येतं: कवचाचं प्रथिन बिघडवलेला विषाणू पानात पसरतो, पण लांबचा पल्ला त्याला जमत नाही.

गुरुवार, सकाळी ७ च्या सुमारास.
विषाणू चाळणनलिकेत उतरला. तिला केंद्रक नाही, रायबोसोम नाहीत. इथं नक्कल निघत नाही. गरजही नाही. साखरेचा रस तासाला अर्धा-एक मीटर वेगानं वाहतो आहे. तीन दिवसांत जेमतेम काही मिलिमीटर सरकलेल्याला आता झाड स्वतःच वाहून नेणार. माझ्या मनाला सगळ्यात जास्त हेच लागतं. झाड आपल्या भुकेल्या भागांना जेवण पाठवतं आणि त्याच पंगतीत हा जाऊन बसतो.

शुक्रवार आणि पुढे.
हा प्रवास ॲडलेडच्या जेफ्री सॅम्युएलनं १९३४ मध्ये टोमॅटोवरच दाखवून दिला. पानाच्या टोकाच्या पर्णिकेला लागण करून ठरावीक वेळांनी त्यानं रोपं कापली, तुकडा तुकडा तपासला. तीन-चार दिवसांनी विषाणू पानाबाहेर पडला तो आधी मुळांत, मग शेंड्याकडे. मधली जून पानं बरेच दिवस निरोगी राहिली. ती साखर पाठवतात, मागवत नाहीत. सगळं रोप व्यापायला तीनेक आठवडे लागले.

प्लॉटमध्ये शेंड्याच्या नव्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उमटले, की ‘व्हायरस आला’ म्हणतात. तोवर मुळं भरलेली असतात. फवारून विषाणू मरेल असं औषध नाही, म्हणून रोप उपटतात. तुटून मातीत राहिलेल्या मुळांत तो पुढच्या लागवडीपर्यंत टिकू शकतो.