चालता माणूस, बोलते काळीज

श्रोतेहो, बैल घ्यायला बाजारात गेलात, तर दावणीला उभा असलेला बैल नुसता पाहून तुम्ही पैसे मोजता का? नाही. त्याला चार पावले चालवता, ओझे ओढायला लावून पाहता. हृदयाची पारखही अशीच करावी लागते, हे कळायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षे लागली.

हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंथोवन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयातील सूक्ष्म वीज टिपणारे यंत्र तयार केले. वजन सुमारे २७० किलो. चालवायला पाच माणसे! रोगी दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेता येईना, म्हणून १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरून टेलिफोनच्या तारेने रोग्याचे ठोकेच प्रयोगशाळेत आणले. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हा आलेख बसलेल्या माणसाचा. रक्तवाहिनी अरुंद झाली, तरी स्वस्थ बसल्यावर हृदयाचे भागून जाते. चढ लागला की रक्त कमी पडते. म्हणून १९२९ साली न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर मास्टर यांनी माणसाला दोन पायऱ्यांची चढउतार करायला लावून पाहिले. पुढे माँटाना राज्यातील नॉर्मन होल्टर यांनी जवळजवळ ३८ किलोचे यंत्र पाठीला बांधून हृदयाचा आलेख रेडिओलहरींवरून पाठवला. आपण रेडिओवर गाणी ऐकतो, त्यांनी काळीज ऐकवले! १९६३ साली सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची फिरत्या पट्ट्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तीत दर तीन मिनिटांनी वेग वाढतो, चढही वाढतो.

ह्या पट्ट्याशेजारी डॉक्टरांच्या जोडीला तंत्रज्ञ उभा असतो. छातीला तारा लावणे हे त्याचे निम्मेच काम. एक डोळा आलेखावर, दुसरा रोग्याच्या चेहऱ्यावर. रेषा दबली, ठोके चुकले, रक्तदाब घसरला, की थांबवायचे. 'पुरे' केव्हा म्हणावे, हीच त्याची विद्या.

पण एक गोष्ट यंत्राला दिसत नाही. शेतात राबणारा माणूस 'होतंय की' म्हणतो आणि दुखणे गिळतो. मंडळी, तो काही कुस्तीचा फड नव्हे. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथल्या तिथे सांगा. शिक्षकांनीही गावात हे समजावून द्यावे.

आणि घरीच छाती दाबल्यासारखी झाली, घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर वात म्हणून ओवा खात बसू नका. तेव्हा पट्ट्यावरच्या तपासणीची वाट पाहायची नसते; तडक रुग्णालय गाठायचे असते.